साडेपाचची गाडी

बाबल्याचा जिवा, जिवाचा गोरख आणि गोरखची थोरली लेक हौशी.

बाबल्याने लग्नासाठी सावकाराकडून साठ रुपये घेतले आणि त्या साठ रुपयांपायी नवराबायको दोघांनी त्याच्या वाडीवर बारा वर्षं वेठ केली. अशा माणसाला तेव्हा लग्नगडी म्हणत. सावकाराच्या ओटीवर लंबकाचं घड्याळ होतं. सुट्टी त्या घड्याळावर व्हायची आणि ते वाचता येणारा माणूस साऱ्या वाडीत एकच होता. बाबल्याच्या जिवाने लहानपणी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं की दुपारचं जेवण झालं की सावकार स्टुलावर चढतो आणि मोठा काटा बोटाने मागे सारतो. ही गोष्ट जिवाने गोरखला सांगितली. गोरखने जामसरच्या माळावर काजू लावला, काजू फोडायला शेड उभी केली आणि दाराला कडी बसवायच्या आधी घरच्यांना बजावलं, "जिथं आपन दुसऱ्याला कामाला लावू, तिथं घड्याळ टांगायचं नाय. दिवस कोनाच्या हातात असू नये."

गोरखला मुलगा नव्हता. हौशीसाठी त्याने घरजावई आणला होता. तोही जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. संदीप हा हौशीचा एकुलता मुलगा ठाण्याला कंपनीत होता. शेड, काजूची तीनशे झाडं, सून करिष्मा आणि फाल्गुनापासून पावसापर्यंत कामाला येणाऱ्या नऊ बाया, हे सारं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हौशीच्या एका नजरेखाली चालत होतं. बापाचा शब्द तिने पाळला होता. सकाळची एसटी जव्हारकडे गेली की काम सुरू व्हायचं. संध्याकाळची साडेपाचची गाडी जव्हारहून आली आणि तिने वळणावर भोंगा दिला की काम बंद. गाडी सरकारची, भोंगा ड्रायव्हरचा. त्यात ना हौशीचा हात, ना बायांचा. शेडमध्ये मोबाइल आणायलाही तिने बंदी घातली होती.

वैशाखातल्या एका बुधवारी पोस्टमनने खाकी लिफाफा आणून दिला. हौशी आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने चष्मा लावला आणि प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत कागद वाचला. येत्या सोमवारी कामगार खात्याचे निरीक्षक येणार. हजेरीपट, वेतनाची नोंदवही, कामाच्या तासांचा तपशील, दोन वर्षांचा, तयार ठेवावा.

तिने कागदाची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत सारली.

"करिष्मा, हे कोनी केलं?"

"काय, आई?"

"सरकारला माझ्या शेडची आठवन आपोआप नाय झाली. कोनीतरी करून दिली."

"यादी असते त्यांची. सगळ्यांकडे जातात."

"तुला बरं माहीत."

करिष्मा गप्प झाली. तिचं गप्प होणंही हौशीने मनात टिपून ठेवलं. मोबाइल सुनेकडे होता, हजेरीपट सुनेच्या अक्षरात होता आणि बायांमध्ये बसून सून हसते हे तिला ठाऊक होतं.

शेडमध्ये त्या दिवशी वाफवलेल्या बियांचा ढीग पडला होता. नऊ बाया नऊ कटरांपुढे बसल्या होत्या. डाव्या हाताने बी पात्यांत धरायची, पायाने दांडा दाबायचा, उजव्या हाताने टरफल उलगडून गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून प्रत्येकीच्या बाजूला चुलीतल्या राखेचं वाडगं. राख लावून लावून बोटं करडी, त्याखाली काळी, आणि नखांच्या कडेला सोललेली. पत्रा तापला होता. हौशी दाराशी आपल्या लाकडी खुर्चीत बसली आणि एकेकीचा चेहरा वाचू लागली.

सुकरी तिच्याच वयाची, दातांनी अधू, पण हाताने अजून कोणालाही मागे टाकणारी. ती म्हणाली, "हौशे, आज अशी काय बघतेस? बाजारात बैल बघतात तशी."

बाया हसल्या.

"बैल तरी खरं दाखवतो," हौशी म्हणाली. "दात बघितले की कळतं."

"मंग मना नको बघू. माझे दात जाऊन धा वर्षं झाली."

पुन्हा हसणं झालं. पण कोपऱ्यातली रंजना हसली नाही. ती तिशीची, अंगाने काटक. नवरा वसईला बांधकामावर, पदरात दोन मुली. कटरवरून नजर न उचलता ती काम करत होती. हौशीचा संशय त्या न हसण्यावर जाऊन बसला आणि तिथून उठला नाही.

संध्याकाळी भोंगा झाला, बाया गेल्या. हौशी काठी टेकत शेडमधून फिरली. रंजनाच्या जागेमागे दाराची फळी होती. दार दिवसभर उघडं असल्यामुळे तिची मागची बाजू भिंतीकडे वळलेली असे. हौशीने दार ओढून घेतलं आणि थबकली. फळीवर खालपासून वरपर्यंत बोटाने ओढलेल्या काळ्या रेघा होत्या. काजूच्या तेलाच्या. पाचपाचांचे जुडगे, ओळीने, नीट. तिने पदराने एक रेघ घासून पाहिली. काजूचं तेल लाकडात मुरतं. ते पुसलं जात नाही.

रेघा दिवसांच्या असाव्यात हे तिला कळलं. कशाच्या दिवसांच्या, हे कळलं नाही. आणि न कळलेल्या जागी तिने लिफाफा ठेवला: ही बाई मोजते आहे, म्हणजे ही बाई लिहून देते आहे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाया जांभळाखाली जाऊन बसल्या. हौशी तिथे गेली.

"रंजना, तुझी पिशवी आन."

"काय झालं, आजी?"

"आन म्हनते ना."

रंजनाने कापडी पिशवी पुढे केली. हौशीने ती सगळ्यांदेखत उलटी केली. नागलीची अर्धी भाकर, चटणीची पुडी, धाकट्या मुलीचं रंगवलेलं चित्र, एक कंगवा, हातावर लावायच्या मलमाची पिळून चपटी झालेली नळी. कागद नव्हता. अर्ज नव्हता. भाकर मातीत पडली होती.

सुकरीने तोंड वळवून घेतलं. रंजना खाली बसली, एकेक वस्तू उचलून पिशवीत घातली, भाकरीवरची माती फुंकली आणि ती तशीच खाऊ लागली. हेही हौशीला आवडलं नाही.

"आजपासून कटरवर बसू नको. टरफलं भर," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

शुक्रवारी ती जव्हारला गेली. हजेरीपटाच्या झेरॉक्स काढायच्या हे निमित्त होतं. खरा हेतू आदिवासी प्रकल्प कार्यालयापुढे अर्ज लिहिणाऱ्यांकडे चौकशी करायचा होता. तिथे कोणालाही जामसरची रंजना माहीत नव्हती. एक अर्जनवीस म्हणाला, "आजी, तुम्हालाच अर्ज करायचा असेल तर सांगा, पन्नास रुपयांत करून देतो." ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने पेनचं टोपण लावलं.

जायला-यायला ती नेहमी जीप धरी. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली होती, पण फुकटच्या गाडीत बसायचं नाही हा तिचा ताठा होता. त्या दिवशी जीपवाले सगळे एका लग्नाच्या वऱ्हाडाला गेले होते. शेवटी ती स्टँडवर आली. गाडी पावणेपाचला सुटते, जामसरला साडेपाचला पोचते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाच वाजले. सव्वापाच झाले. ती उठून खिडकीपाशी गेली.

"आज गाडीला उशीर का? बाया खोळंबल्या असतील तिकडं."

कंट्रोलरने मान वर केली. "कुठली गाडी, आजी?"

"पावणेपाचची. जामसरची."

"ती वेळ बंद झाली. पावणेसहाला सुटते आता."

"आजपासून?"

"आजपासून कुठलं! गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी बदलली. तुम्ही गाडीने येत नाही वाटतं."

हौशी बाकावर जाऊन बसली. शेजारच्या बाईने काही विचारलं ते तिला ऐकू आलं नाही. तिचा हात पिशवीवर होता आणि पिशवीत लिफाफा होता. पहिला विचार तिच्या मनात आला तो असा की कंट्रोलर खोटं बोलतोय. दुसरा असा, की कोणीतरी मुद्दाम वेळ बदलून घेतली. तिसरा विचार यायला फार वेळ लागला.

गाडी भरून निघाली. तिने तिकीट मागितलं. कंडक्टरने आधारकार्ड मागितलं आणि शून्य रुपयांचं तिकीट तिच्या हातात ठेवलं. खिडकीतून करपलेले माळ, पळसाच्या रिकाम्या फांद्या, टँकरपुढे लावलेली हंड्यांची रांग मागे जात होती. ऊन अजून होतं. वैशाखातलं ऊन सातपर्यंत रेंगाळतं. म्हणूनच तर दोन हंगामांत एकदाही तिला दिवस लांबल्यासारखा वाटला नव्हता.

वळणावर ड्रायव्हरने भोंगा दिला.

तिथून शेड दिसते. उघड्या दारातून नऊ डोकी एकदम वर झालेली तिने पाहिली. एकीने कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवली. एकीने राखेच्या वाडग्यात दोन्ही हात खुपसले. रंजना टरफलांचं घमेलं डोक्यावरून उतरवत होती; भोंगा ऐकताच तिने ते होतं तिथेच सोडलं आणि दाराच्या फळीमागे एक बोट नेलं.

हौशी आजवर भोंगा आतून ऐकत आली होती. बाहेरून तो तिने पहिल्यांदाच ऐकला.

घरी पोचल्यावर तिने पाणी घेतलं नाही. "करिष्मा, हजेरीपटात सुट्टीची वेळ काय लिहितेस?"

"साडेपाच."

"का?"

"तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"आनि सुटतात कधी?"

करिष्माने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "साडेसहाला."

"मना सांगितलं नाय."

"आई, तुमच्या दारावरून गाडी जाते. तुम्हाला माहीत नाही असं कोण म्हणेल? मला वाटलं, कागदावर साडेपाच ठेवायचं आणि काम साडेसहापर्यंत घ्यायचं, हे तुमचं ठरलेलंच आहे."

हौशीला सुनेवर ओरडायचं होतं. पण ती काठी धरून उंबऱ्यावरच बसली. घरातल्या माणसाने आपल्याबद्दल इतकं सहज असं मानलं, आणि त्याला सव्वा वर्षात काही वावगंही वाटलं नाही!

रविवारी ती सुकरीच्या पाड्यावर गेली. सुकरी अंगणात जळण फोडत होती. हौशी आपणहून कोणाच्या अंगणात गेल्याचं पाड्यावर कोणाला आठवत नव्हतं.

"सुकरे, खरं सांग. माझ्याबद्दल काय बोलता तुम्ही?"

"कशाला विचारतेस? मंग झोप नाय लागायची."

"बोल."

सुकरीने कुऱ्हाड खाली ठेवली. "पुढच्या पाड्यांच्या तिघी त्याच गाडीनं जातात. त्यांना काय, इथं बसल्या काय नि रस्त्यावर बसल्या काय. पन आम्ही सहाजनी चालत जानाऱ्या. आम्हाला एक तास म्हंजे एक हंडा पानी. पयल्या वर्षी बोललो आपसात. मंग मी म्हनाले, जाऊ द्या, हौशीनं आपल्या लेकरांना तापात औषध दिलंय. पन रंजी म्हनाली, औषध दिलं ते दिलं, तास घेतला तो घेतला. ते दोन येगळे."

"तिनं तक्रार केली?"

"नाय गं. तिला तक्रार करायची असती तर तुझ्या दारामागं कशाला मोजलं असतं? घरी मोजलं असतं."

परतताना हौशीला आपल्या पणजाचा चेहरा आठवायचा होता. तो तिने पाहिलेला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे सारखा येत होता तो स्टुलावर चढलेला माणूस, आणि त्याच्या अंगावर लुगडं होतं.

सोमवारी निरीक्षक आले. तरुण, गळ्यात ओळखपत्र, शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग. करिष्माने सरबत दिलं. त्यांनी हजेरीपट पाहिला, वेतनवही पाहिली, बायांना त्यांचा रोज विचारला. चारशे, बाया म्हणाल्या. वहीतही चारशे होते.

"छान ठेवलंय," निरीक्षक म्हणाले. "साडेआठ ते साडेपाच, मध्ये तासाची सुट्टी. आठ तास. रविवार बंद. फक्त वेळेचा फलक दिसत नाही, आणि घड्याळही नाही. तेवढं लावा. सही करतो."

"साहेब," हौशीने विचारलं, "आमच्यावर अर्ज कोनी केला होता?"

"अर्ज? नाही हो. तालुक्यातली सगळी युनिटं पाळीने तपासतोय. तुमचं अकरावं."

शेडमध्ये कटरांचा आवाज थांबला होता. साहेबांनी पेन उघडलं. कागद चोख होता. गप्प राहायचं एवढंच काम हौशीला होतं, आणि तिला ठाऊक होतं की नऊच्या नऊ बायाही गप्प राहतील. सव्वा वर्ष राहिल्या होत्या. रंजना घमेलं कमरेवर धरून उभी होती. ती हौशीकडे बघत नव्हती. ती पेनाकडे बघत होती.

"सही नका करू," हौशी म्हणाली. "वही खोटी आहे."

निरीक्षकांनी पेन तसंच धरलं. हौशीने सारं सांगितलं: गाडी, भोंगा, साडेसहा, दोन हंगाम. आवाज तिने खाली येऊ दिला नाही. पणजाचं, घड्याळाचं काही सांगितलं नाही. ते साहेबांना द्यायचं कारण नव्हतं.

"आजी, हे लिहून घ्यावं लागेल मला," ते म्हणाले. "आठ तासांवरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. प्रत्येकीला, मागच्या सगळ्या दिवसांचा, बायांच्या सहीनिशी. चुकीच्या नोंदीबद्दल दंडही होऊ शकतो; ते वर ठरेल."

"लिहा. माझं नाव पुरतं लिहा. हौशी गोरख. सुनेचं नाव त्यात नको. तिनं मी सांगितलं ते लिहिलं."

करिष्माने सरबताचा ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरला.

पैसे नव्या वाळवण-भट्टीसाठी बँकेत ठेवलेले होते. गुरुवारी ते बायांसाठी काढून आणले. चारला हौशीने काम थांबवलं, कटर बाजूला सारायला लावले आणि मध्ये पाट मांडला. भिंतीवर त्या सकाळीच घड्याळ लागलं होतं. ते तिने आपल्या खुर्चीच्या पाठीमागे टांगायला लावलं होतं. बायांना समोर दिसे, तिला मान वळवल्याशिवाय दिसत नसे.

एकेकीचं नाव, एकेकीचे दिवस, एकेकीची सही. सुकरीने अंगठा दिला, नोटा कनवटीला लावल्या आणि म्हणाली, "हौशे, आता भट्टी?"

"ऊन आहे अजून. उन्हात वाळवू."

शेवटी रंजना. करिष्माने वही पाहून सांगितलं, "एकशे एकेचाळीस दिवस. एकशे एकेचाळीस तास."

"एकशे बेचाळीस," रंजना म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. हौशीच्या मनात जुना संशय एकदा डोकं वर काढून गेला. ती उठली, दार ओढलं आणि काठीच्या टोकाने फळीवरचे जुडगे मोजू लागली. खालून वर, ओळीमागून ओळ. एकशे बेचाळीस. एका ठिकाणी दोन रेघा एकमेकींना चिकटून होत्या.

"या दोन?"

"गेल्या जेठात गाडी अलीकडंच बंद पडली होती. भोंगा आलाच नाय. दिवे लागेपर्यंत आम्ही बसलो होतो. तुम्ही म्हनाला, आज दिवस मोठा झाला."

हौशीला ते बोलणं आठवलं. ती हसत म्हणाली होती.

"सगळ्यांना एकेक तास वाढव," ती सुनेला म्हणाली. वही पुन्हा उघडली, आठही बाया पुन्हा पाटापाशी आल्या. मग रंजनापुढे चौदा हजार दोनशे ठेवले गेले. रंजनाने नोटा दोनदा मोजल्या, सही केली. पण ती उठली नाही.

"कमी आहे काही?" हौशीने विचारलं.

रंजनाने मान हलवली. तिची कापडी पिशवी मांडीवर होती. तिने ती थोडी पुढे केली आणि परत मांडीवर घेतली. घड्याळाचा काटा तेवढा वाजत होता.

हौशीने काठी भिंतीला टेकवली. ती आयुष्यात कोणापुढे वाकली नव्हती आणि गुडघेही आता तेवढे वळत नव्हते. खुर्चीची कड धरून ती हळूहळू पाटाशी खाली बसली. कमरेची पिशवी सोडली. ती पिशवी तिच्या नवऱ्यानेही कधी उघडून पाहिली नव्हती. नऊ बायांदेखत आणि सुनेदेखत तिने ती पाटावर उलटी केली. सुपाऱ्या, तंबाखूची पुडी, कपाटाची किल्ली, घडी पडलेला खाकी लिफाफा, बापाने हाताने तासलेली दातकोरणी, आणि एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट. एक सुपारी घरंगळत जाऊन मातीत पडली.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

रंजनाने सगळं नीट पाहिलं. घाई केली नाही. मग वाकून मातीतली सुपारी उचलली, फुंकली, बाकीच्या वस्तूंसोबत पिशवीत घातली, नाडी ओढून गाठ मारली आणि पिशवी दोन्ही हातांनी हौशीपुढे धरली.

"फिटलं, आजी."